गिरणीएवढा झाडू

दुरुस्तीच्या दुकानात वस्तू राहत नाहीत, किस्से राहतात. मिक्सर बरा झाला की मालकीण येऊन घेऊन जाते. पंखा बरा झाला की पंखा जातो. पण त्या पंख्याबरोबर आलेली गोष्ट परत मागायला कोणी येत नाही. ती आमच्याकडेच पडून राहते, आणि अशा इतक्या साठल्यात की त्यांच्यासाठी वेगळा माळा काढावा लागेल.

आमच्याकडे म्हणजे माझ्या धाकट्या भावाकडे, सुधीरकडे. डिलाईल रोडला एका चाळीखाली त्याचा गाळा आहे. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, गिझर, असलं सगळं. मी गिरगावात राहते. व्हीआरएस घेतल्यावर घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं, म्हणून रोज बसने इथे येते. बिलं करते, फोन घेते आणि गिऱ्हाइकांना जे बोलायची सुधीरला भीड वाटते, ते मी बोलते.

नमुन्यादाखल एकच सांगते. एक बाई इस्त्री घेऊन आल्या. म्हणाल्या, "शॉक मारते. पण फक्त ह्यांना! मला कधीच नाही." सुधीरने इस्त्री उलटसुलट करून बघितली आणि गंभीरपणे विचारलं, "मग ह्यात दुरुस्त काय करायचंय?" बाई हसल्या नाहीत. विचारात पडल्या!

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र इस्त्र्या आणि मिक्सर मागे पडले. सगळे किस्से एकाच वस्तूने दिले.

* * *

ती वस्तू तारामती गावडे यांची. आम्ही त्यांना ताराकाकू म्हणतो. मागच्या गल्लीत त्यांची खोली आहे. आता 'होती' म्हणायला हवं, कारण चाळ पाडून टॉवर व्हायचाय आणि भाडेकरूंना खोल्या रिकाम्या करायला सांगितलंय. काकू लेकीकडे जाणार होत्या. सामान बांधून झालं होतं. उरलं होतं फक्त दारामागचं ते धूड.

काकू एका सकाळी दोन हमाल घेऊन दुकानात आल्या. हमालांनी जे खाली ठेवलं, ते बघून सुधीर खुर्चीतून उठला. माझ्या छातीपर्यंत येईल एवढं लोखंडी पिंप, खाली तीन चाकं, वर मोटारीचा टोप, आणि बाजूला मांडीएवढ्या जाडीची नळी, गुंडाळी करून बांधलेली.

"काय आहे हे, काकू?"

"झाडू," काकू म्हणाल्या.

गावडेकाका गिरणीत साफसफाई खात्यात होते. खात्यात दिवसभर कापसाची पिंज उडायची, यंत्रांवर बसायची, ती हे मशीन ओढून घ्यायचं, आणि मशीन काका चालवायचे. गिरणी बंद पडली तेव्हा यंत्रं भंगारात निघाली. काकांनी साहेबाच्या हातापाया पडून हे एकटं त्या ढिगातून सोडवलं आणि हातगाडीवर घालून घरी आणलं. शेजारणींच्या नवऱ्यांनी घरी कायकाय आणलं, ह्यांनी झाडू आणला, असं काकू तेव्हापासून सांगतात. पण मशीनला त्यांनी कधी बाहेर काढलं नाही. काका गेले तेव्हाही नाही. पिंपाचं झाकण घट्ट बसतं म्हणून त्यात त्या गावचे तांदूळ ठेवायच्या!

"विकून दे," त्या सुधीरला म्हणाल्या. "पण भंगारात देवचा नाय हां. जो कोण चालवतलो, तेकाच देवचा. ह्यांचो जीव होतो तेच्यार."

"आणि तसा कोणी नाही मिळाला तर?"

खोलीची चावी द्यायची तारीख ठरलेली होती, लेकीच्या घरात दोन माणसं जेवायला बसली की तिसऱ्याने उठायचं एवढीच जागा, आणि आमच्या गाळ्यातही ते फार दिवस राहणं शक्य नव्हतं. नाही मिळाला तर काय, ते तिघांनाही माहीत होतं. कोपऱ्यावरचा भंगारवाला हमालांच्या मागोमाग येऊन फुटपाथवर उभाच होता.

* * *

पुढचे काही दिवस रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून सांगायचा की हे काय आहे. विचारायचं कोणी नाही, सगळे सांगायचे. एकाने सांगितलं, पाणबुड्यांचं. एकाने सांगितलं, इराणी हॉटेलातलं पाणी तापवायचं. समोरच्या चाळीतले एक आजोबा शपथेवर म्हणाले की युद्धाच्या वेळी धोक्याचा भोंगा वाजायचा तो हाच! वरळी कोळीवाड्याच्या पारूबाई मासळी घेऊन या रस्त्याने जातात. त्यांनी झाकण उघडून आत डोकं घातलं आणि म्हणाल्या, "बर्फ चांगला टिकेल रे याच्यात. किती घेशील?"

मग एके दिवशी बीटवरचे हवालदार आले. ते नेहमी येतात, त्यांचा टेबलफॅन वर्षातून दोनदा आमच्याकडे असतो. त्यांनी पिंपाभोवती एक फेरी मारली. नळी काठीने ढोसली.

"काय आहे?"

"झाडू आहे, साहेब," सुधीर म्हणाला.

"एवढा?"

"गिरणी एवढी होती, साहेब."

हवालदारांनी मान डोलावली आणि पंखा कधी मिळेल ते विचारलं.

* * *

विकायचं तर जाहिरात हवी, आणि जाहिरातीला कंपनीचं नाव हवं. मशीनच्या पोटावर पितळेची पट्टी होती. नाव तिच्यावर असणार, यात शंका नव्हती. आणि काय चमकत होती म्हणून सांगू! देवघरातली समई लाजेल.

माटुंग्याचे एक गृहस्थ जुनी यंत्रं जमवतात, असं मला कोणीतरी सांगितलं. फोन केला. गृहस्थ एकदम उत्साहात. म्हणाले, "पट्टी शाबूत आहे? मग प्रश्नच मिटला. सगळी किंमत पट्टीची असते!" आणि त्याच दुपारी खिशात भिंग घेऊन हजर झाले. काकूही मुद्दाम आल्या होत्या, कारण हा माणूस चालवणार की नाही, हे त्यांना स्वतः विचारायचं होतं.

गृहस्थ मशीनसमोर उकिडवे बसले. पट्टीला भिंग लावलं. मग चष्मा काढून भिंग लावलं. मग मला टॉर्च मागितला.

"यावर काहीच नाहीये," ते म्हणाले.

आणि खरंच नव्हतं. पट्टी आरशासारखी गुळगुळीत. उलगडा काकूंनीच केला, तोही अभिमानाने. गिरणीत दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची. काका आदल्या दिवशी घरून चिंच न्यायचे आणि ती पट्टी घासून लख्ख करायचे. दुसरे कोणी आपल्या यंत्राला नुसता हार घालायचे, पण काकांच्या मशीनची पट्टी सगळ्या खात्यात उठून दिसायची. मशीन घरी आल्यावर दर दसऱ्याला हे काम काकूंनी केलं. चिंच, मीठ, राख. एवढ्या वर्षांच्या भक्तीने कंपनीचं नाव, गाव, नंबर, सगळं धुऊन निघालं होतं!

गृहस्थ हताश होऊन पट्टीकडे बघत राहिले. "अहो, पण यात आता दिसणार काय?"

"तुमचा तोंड दिसता मां?" काकू म्हणाल्या. "मगे?"

मशीनची ओळख शेवटी सुधीरने पटवली, तीही चिंच जिथे पोचली नव्हती तिथे. मोटारीचा टोप काढल्यावर आत ग्रीसखाली एक छोटी पत्र्याची चकती निघाली. कंपनीचं नाव अर्धंच वाचता आलं, पण मशीन परदेशी होतं आणि माझ्या जन्माच्याही आधीचं होतं, एवढं नक्की झालं. मी ते माटुंग्याला कळवलं. पण उत्साह गेला तो गेलाच. त्यांनी फक्त एक जपून ठेवावा असा सल्ला दिला. यापुढे काहीही घासू नका!

* * *

मी इंटरनेटवर जाहिरात टाकली. 'इंडस्ट्रियल व्हॅक्यूम क्लीनर, विंटेज.' सुधीरला तो शब्द आवडला नाही.

"विंटेज म्हणजे काय गं, ताई?"

"जुनं आणि महाग."

"आणि सेकंड हँड?"

"जुनं आणि स्वस्त."

त्याने हातातल्या इस्त्रीचा एक स्क्रू घट्ट केला. मग म्हणाला, "आणि आपण दोघं?" मी त्याला चहा सांगायला पाठवलं.

उत्तरं मात्र धडाधड आली. एकाने विचारलं, बदल्यात सोफा चालेल का? एका बाईंना ते फक्त एका दिवसासाठी, लग्नाआधीच्या फोटोंसाठी हवं होतं. नवरा पिंपावर बसणार आणि नवरी नळी धरून उभी राहणार! एकाने लिहिलं, 'सोबत गालिचा फ्री आहे का?' त्याला मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर वाईट दिलं असतं.

जे दोन-चार शहाणे होते, ते सगळे एकच प्रश्न विचारायचे. चालतं का? आणि तिथे आमची बोलती बंद व्हायची. गिरणीचं मशीन ते, थ्री फेजवर चालणारं. आमच्या गाळ्यात घरासारखी साधी लाइन. गावडेकाकांनीही घरी आणल्यापासून ते कधी चालवलं नव्हतं, कारण चाळीच्या खोलीत थ्री फेज कुठून येणार? काका संध्याकाळी नुसते त्याच्याजवळ बसायचे म्हणे. सुधीरने मीटर लावून सगळं तपासलं आणि सांगितलं की मोटार जिवंत आहे. पण जिवंत आहे हे सांगणं वेगळं आणि चालवून दाखवणं वेगळं. फोनवरचे शहाणे हळूहळू गळाले.

* * *

एक गिऱ्हाईक मात्र चालतं की नाही ते विचारणारं नव्हतं. गोड मुलगी होती, इंटिरियर डिझायनर. गिरणीच्या जागेत आता जी हॉटेलं झालीत, त्यातल्या एकाची सजावट तिच्याकडे होती. मशीन बघून तिने टाळ्याच वाजवल्या. पिंपाला समोरून खिडकी कापायची, आत दिवे सोडायचे, काचेचे कप्पे करायचे आणि त्यात बाटल्या!

"कसल्या बाटल्या?" काकूंनी विचारलं.

"सरबताच्या," सुधीर घाईने म्हणाला.

मुलगी चांगली होती, तिने खोटं बोलायला नकार दिला. म्हणाली, "नाही आजी, दारूच्या. पण खूप छान दिसेल. आणि बघा ना, ज्या गिरणीत होतं तिथेच परत जाईल!" तिने सांगितलेली किंमत ऐकून सुधीरने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. आमचाही त्यात वाटा होता, हे लपवत नाही.

काकूंनी शांतपणे विचारलं, "चालवणार काय गो तुम्ही?"

"नाही आजी, डिस्प्लेला. नुसतं उभं राहील."

"उभा तर ता माझ्याकडे पण होता," काकू म्हणाल्या. "मगे तुमका कित्याक देव?"

शेवटी काकूंचा पदर मीच धरला. काकूंना बाजूला घेऊन समजावलं. म्हटलं, काकू, निदान राहील तरी. तुटण्यापेक्षा बरं नाही का? काकू ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "पोटाक खिडकी पाडल्यार काय ऱ्हवला तेच्यात?" मला त्यांचा राग आला. हट्टाला काही मर्यादा असते. मुलीने स्वतःचं कार्ड ठेवलं आणि जाताना काकूंना वाकून नमस्कार केला, हे मात्र सांगायला हवं.

* * *

भंगारवाला रोज यायचा. सभ्य माणूस. कधी आवाज चढवला नाही, कधी घासाघीस केली नाही. येऊन चहा प्यायचा आणि मशीनकडे बघत बसायचा. त्याच्या बघण्यातच काटा होता. मनातल्या मनात किती वेळा तोलून झालं असेल देव जाणे.

चावी द्यायचा दिवस जवळ आला तसा त्याला काकूंची अट कळली. दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"काकू, मी चालवणार हे मशीन," तो म्हणाला. "आपल्या गोडाऊनला. फार कचरा होतो."

काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरा. मगे चालू करूचा बटण खंय, ता दाखव."

तो मशीनभोवती फिरला. एकदा, दोनदा. मग पिंपाच्या मागचा पितळेचा खटका धरून आत्मविश्वासाने ओढला. कचरा काढायचं खालचं झाकण उघडलं आणि तळाला राहिलेले मूठभर तांदूळ त्याच्या चपलांवर सांडले!

तोही हसला, आम्हीही हसलो. काकू हसल्या नाहीत. खाली बसून त्यांनी तांदूळ एकेक करून वेचले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारी चावी देवची आसा. कोण नाय इलो तर ह्येकाच दी. पण माझ्यासमोर तोडूचा नाय म्हणान सांग." मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. भंगारवाल्यालाही वाटलं असावं, कारण तो चहा न पिता गेला.

* * *

आता शेवटचा.

शनिवारी मंगलताई त्यांचा टेबलफॅन न्यायला आल्या. त्या लालबागला मसाला कांडून देतात. मे महिना म्हणजे त्यांचा सीझन. अख्ख्या मुंबईच्या बायका वाळवलेल्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन त्यांच्या दारात रांग लावतात. पंखा उचलता उचलता त्यांनी मशीन बघितलं आणि आजवर कोणीच न विचारलेला प्रश्न विचारला.

"हे ओढतं का?"

"काय ओढायचंय?" मी म्हटलं.

"तिखट! अहो, जमिनीवर थर बसतो. झाडलं की उडतं. दोन पोरी काम सोडून गेल्या माझ्या."

सुधीर माझ्याकडे बघत होता. "ताई," तो हळूच म्हणाला, "कांडप मशीन थ्री फेजवर असतं."

रविवारी सकाळी टेम्पो करून आम्ही मशीन लालबागला नेलं. काकू ठेवणीतलं पातळ नेसून आल्या होत्या. सोबत एक प्लॅस्टिकची पिशवी, आणि तिच्यात घडी घालून इस्त्री केलेली मशीनच्या आतली कापडी पिशवी, जिच्यात कचरा साठतो ती. दर दिवाळीला त्या ती धुवायच्या. धुऊन धुऊन तिची मलमल झाली होती. सुधीरने ती उजेडात धरली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, काकूंकडे बघितलं आणि ती तशीच आत बसवली.

रांगेतल्या बायका पिशव्या खाली ठेवून बघायला जमल्या. शेजारचे गरम मसाल्याचे दुकानदार आले. मंगलताईंनी कांडप बंद करून लाइन मोकळी करून दिली. सुधीरने तारा जोडल्या. "ओढलं तर आत्ताच घेते," मंगलताई म्हणाल्या. "नाही ओढलं तर परत न्या."

"काकू, बटण तुम्ही दाबा," सुधीर म्हणाला.

काकूंनी पदराने हात पुसले आणि बटण दाबलं.

आधी नुसती घरघर झाली. मग ते मशीन असं काही बोंबललं की रांगेतल्या दोघी किंचाळल्या! सुधीरने नळी जमिनीला लावली, आणि मंगलताईंच्या दुकानाची फरशी पांढरी आहे हे त्या गल्लीला पहिल्यांदाच कळलं. तिखटाचा थर नळीत सरसर जात होता. मंगलताई ओरडल्या, "घेतलं! घेतलं!"

तेवढ्यात मागच्या जाळीतून लाल धूर निघाला.

बारीक तिखट त्या मलमलीतून आरपार येत होतं. बेडगी, लवंगी, संकेश्वरी, सगळ्यांचं मिळून. आधी बायका शिंकल्या, मग दुकानदार खोकले, मग गल्लीच्या तोंडावरचा टॅक्सीवाला शिव्या देत काचा वर करू लागला. "बंद करा! अहो, बंद करा!" सगळ्यांच्या डोळ्यांना धारा. मी दुपट्टा तोंडावर धरून सुधीरला शोधत होते. तो चाचपडत बटणाकडे निघाला होता.

काकू मशीनला लागूनच उभ्या होत्या, अगदी जाळीसमोर. एक हात पिंपावर. त्यांचेही डोळे वाहत होते, सगळ्यांसारखेच.

"काकू, बाजूला व्हा!" मंगलताई खोकत ओरडल्या. "डोळ्यांत जातंय तुमच्या!"

काकूंनी सुधीरचा हात बटणावरून बाजूला केला.

"बंद नको करू रे," त्या म्हणाल्या. "चलांदे वायच."